सलाइनचे थेंब: आधी खोक्याची मागची बाजू वाचा

घणसोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे. बाळ साडेतीन महिन्यांचं. रात्री नाक चोंदतं, दोन घोट दूध घेतलं की सोडून रडतं. सासूबाई म्हणतात, कोमट तुपाचा थेंब सोडा. मेडिकलवाल्याने ‘नाकाचे ड्रॉप्स’ दिलेत, पण सवय लागेल या भीतीने बाटली अजून उघडलेली नाही. यजमान ऐरोलीला एसी ऑफिसात. त्यांचं नाक कोरडं पडून खपल्या धरतात, कधी रुमालावर रक्ताचा ठिपका दिसतो. तेच थेंब त्यांना चालतील का? सासऱ्यांना बीपी आहे, त्यांना मिठाचे थेंब कसे द्यायचे? घरीच मीठ-पाणी करता येईल का? आणि उरलेली बाटली पुढच्या वर्षी वापरता येईल का?

एका प्रश्नात अख्खं घर आलं. मी नौपाड्यात सव्वीस वर्षं कान-नाक-घसा बघतो आणि हे सगळे प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतात. काही पेशंट तर ‘सलाइन’ म्हटलं की दचकतात: “डॉक्टर, घरी सलाइन कसं लावणार? सिस्टर बोलवायची का?” आपल्याकडे सलाइन म्हणजे स्टँडला टांगलेली बाटली. तेच मिठाचं पाणी, फक्त इथे ते थेंबाथेंबाने नाकात जातं.

ताई, तुम्ही बाटली उघडली नाही हे बरं केलंत. पण कारण चुकीचं आहे. सलाइनची सवय लागत नाही. सवय लागते ती दुसऱ्या थेंबांची, आणि ते दुकानात सलाइनच्या शेजारीच ठेवलेले असतात. म्हणून आधी उठा, ते खोकं आणा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. ‘सोडियम क्लोराइड 0.65 टक्के’ किंवा ‘0.9 टक्के’ एवढंच औषध म्हणून लिहिलं असेल तर ते सलाइन. ‘ऑक्सिमेटाझोलिन’ किंवा ‘झायलोमेटाझोलिन’ असं काही दिसलं तर ते नाक मोकळं करणारं औषध. ते नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतं, सूज उतरते, पाच मिनिटांत नाक सताड उघडतं. बाटली तेवढीच, झाकण तसंच, आणि कित्येकदा ब्रँडचं नावही तेच. पुढे एखादं अक्षर किंवा ‘बेबी’, ‘पेडियाट्रिक’ एवढाच फरक. नावावर जाऊ नका, घटकावर जा.

हे मी तावातावाने सांगतो, कारण चूक माझ्या हातूनही झाली आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात एका दोन महिन्यांच्या बाळासाठी मी चिठ्ठीवर घाईत ‘नेझल ड्रॉप्स’ एवढंच लिहिलं. सलाइन हा शब्द तोंडाने सांगितला, कागदावर नव्हता. घरच्यांना मिळाले ते मोठ्यांचे, रक्तवाहिन्या आवळणारे. आजीने दोन्ही नाकपुड्यांत तीन-तीन थेंब सोडले. बाळ इतकं झोपलं की दुधालाही उठेना. सुदैवाने आईला शंका आली. बाळाला रात्रभर मॉनिटरवर ठेवलं, सकाळी ते ठणठणीत होतं. तान्ह्या बाळात हे औषध नाकातून आणि घशातून रक्तात जातं आणि गुंगी येते, नाडी मंदावते, श्वासही मंदावतो. त्या दिवसापासून मी पूर्ण नाव लिहितो, टक्केवारी लिहितो आणि खाली रेघ मारतो.

मोठ्यांमध्ये त्याच औषधाची तऱ्हा वेगळी. तीन ते पाच दिवस वापरलं तर ठीक, त्यापुढे नाक त्याचं मिंधं होतं. थेंबाचा अंमल उतरला की आधीपेक्षा जास्त सूज, मग पुन्हा थेंब. स्टेशनजवळचे एक रिक्षावाले काका चार वर्षं शर्टाच्या खिशात बाटली घेऊन फिरत होते. सिग्नलला रिक्षा थांबली की दोन थेंब. माझ्याकडे आले ते “हाड वाढलंय, ऑपरेशन करा” म्हणत. हाड जागच्या जागी होतं. आधी एकाच नाकपुडीतले थेंब बंद केले, सोबत स्टेरॉइडचा स्प्रे आणि सलाइन दिलं, मग दुसरी नाकपुडी. पहिले आठ दिवस मला मनातल्या मनात शिव्या घातल्या असतील त्यांनी. पण बाटली सुटली. ‘ड्रॉप्सची सवय लागते’ ही तुमच्या कानावर आलेली गोष्ट अशा बाटल्यांची आहे.

आता सलाइन नेमकं करतं काय? आपण रडलो की नाक वाहतं, कारण डोळ्यातलं पाणी एका बारीक नळीने नाकातच उतरतं. ते अश्रू खारट असतात, तरी नाकाला झोंबत नाहीत. नदीत किंवा तरण तलावात बुडी मारून साधं पाणी नाकात गेलं तर मात्र मेंदूपर्यंत झिणझिण्या जातात. फरक मिठाचा आहे. रक्तातला आणि अश्रूंतला खारटपणा जवळपास 0.9 टक्के, म्हणजे लिटरला 9 ग्रॅम मीठ. तेवढाच खारटपणा असलेलं पाणी नाकाच्या अस्तराला परकं वाटत नाही. 0.65 टक्के थोडं सौम्य, तेही सहज सहन होतं. नाकात शेंबडाचा एक पातळ थर सतत मागे घशाकडे सरकत असतो. त्याला ढकलणारे सूक्ष्म केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि थर मिनिटाला पाच-सहा मिलिमीटर पुढे जातो. धूळ, परागकण, जंतू सगळं त्यावर चिकटून घशात जातं आणि आपण नकळत गिळून टाकतो. थर वाळला की हे सरकतं पट्टं अडकतं. सलाइन तो थर ओला आणि पातळ करतं, बस्स. ते सर्दी बरी करत नाही, जंतू मारत नाही, सूज फारशी उतरवत नाही. कोणी तसा दावा करून महागडी बाटली विकत असेल तर पैसे वाचवा.

आणि घोडबंदर रोडला मेट्रोच्या खांबांखालून रोज जाणाऱ्यांना त्या पट्ट्यावर किती माल पडतो ते वेगळं सांगायला नको. संध्याकाळी नाक शिंकरल्यावर रुमालच सांगतो.

आता बाळ. पहिले काही महिने बाळं प्रामुख्याने नाकानेच श्वास घेतात, तोंडाने घ्यायची युक्ती त्यांना नीट जमत नाही. म्हणून नाक चोंदलं की दूध सोडून रडायचं, कारण पिणं आणि श्वास दोन्ही एकदम होत नाहीत. पण एक लक्षात घ्या: अंगात ताप नाही, दूध जातंय, हसतंय आणि नुसती घरघर ऐकू येते, तर काही करू नका. तान्ह्याच्या नाकपुड्या मुगाच्या दाण्याएवढ्या, त्यात जरासा ओलावा असला तरी खोलीभर आवाज. आवाजाचा इलाज करायचा नसतो, अडथळ्याचा करायचा.

अडथळा असेल तर पाजायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी थेंब सोडा. हात साबणाने धुवा. बाटली मुठीत दोन मिनिटं धरा. एसीतल्या गार थेंबाने बाळ दचकतं आणि मग पुढच्या वेळी बाटली बघूनच रडतं. मांडीवर उताणं घ्या, खांद्याखाली लंगोटाची घडी द्या म्हणजे मान किंचित मागे झुकेल. बाटलीचं टोक नाकपुडीच्या वर राहू द्या, आत घुसवू नका, कातडीला टेकवू नका. प्रत्येक बाजूला एक किंवा दोन थेंब. मग मिनिटभर तसंच धरा. बाळ शिंकेल, थोडं खोकेल, थोडं गिळेल, सगळं चालतं. वाळलेला शेंबूड मऊ होऊन पुढे आला तर मऊ सुती कापडाच्या टोकाने टिपून घ्या. कानकोरणी, काडीला गुंडाळलेला कापूस, करंगळीचं नख, यांपैकी काहीही आत नको.

रबरी फुगा असलेला ओढपंप घेतला असेल तर फुगा आधी बाहेर दाबा, मग टोक नाकपुडीच्या तोंडाशी धरा आणि हळू सोडा. आत दाबला तर हवा बाळाच्या नाकात फुसकन जाते. दिवसातून दोन-तीनदा पुरे. सारखं ओढलं तर अस्तर सुजतं आणि नाक आणखी चोंदतं; मग आई म्हणते, ओढूनही फरक नाही. वापरून झाला की फुगा गरम साबणाच्या पाण्याने आतून धुवा आणि वाळवा. मी एकदा असा एक फुगा कापून बघितला होता, आत काळी बुरशी होती.

सासूबाईंच्या तुपाबद्दल. त्यांना दुखवू नका, पण तूप नको. तेलही नको, ना खोबरेल ना मोहरीचं. सलाइन चुकून श्वासनलिकेत गेलं तर बाळ खोकतं आणि ते पाणी शोषलं जातं. तेल-तूप शोषलं जात नाही. ते घशात खोकल्याची उबळही न आणता गुपचूप खाली उतरतं आणि फुप्फुसात बसून राहतं. त्याने होणारा न्यूमोनिया महिनोन्‌महिने छळतो. मालिशवाल्या बाईंनाही स्पष्ट सांगा. टाळूवर तेल भरा, तळपाय चोळा, नाकात आणि कानात मात्र नाही. कापूर किंवा मेंथॉल असलेला बामही दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाजवळ नको. वाफेचं भांडं बाळाजवळ आणूच नका. भाजलेली मुलं बघितली आहेत, पुन्हा बघायची इच्छा नाही.

थेंबांनी भागणार नाही असं कधी? बाळ तीन महिन्यांच्या आतलं आणि ताप 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डे पडतात, ओठ निळसर, नेहमीच्या निम्मंही दूध जात नाही. झोपलेल्या बाळाचे श्वास घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखाली 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त, तर नाकात काही सोडत बसू नका. थेट दवाखाना, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात.

तुमचं बाळ अजून रांगत नाही, पण एका वर्षाने उपयोगी पडेल म्हणून आत्ताच सांगतो. एक-दोन वर्षांच्या पुढच्या मुलाची एकच नाकपुडी चोंदली आहे, त्याच बाजूने घाण वास येणारा शेंबूड येतो, तर ती सर्दी नव्हे, आत काहीतरी घातलंय. शेंगदाणा, मणी, खोडरबराचा तुकडा, मी सगळं काढलंय. पण सगळ्यांत वाईट म्हणजे रिमोट, वजनकाटा, गाणारं शुभेच्छापत्र यांत असतो तो चपटा गोल बटण सेल. तो नाकात अडकल्याची नुसती शंका आली तरी सलाइनचा एकही थेंब सोडायचा नाही. खाऱ्या पाण्यातून वीज जास्त वाहते, सेलभोवती तीव्र अल्कली तयार होते आणि अस्तर जळतं; काही तासांत नाकाच्या पडद्याला भोक पडू शकतं. सलाइनचे थेंब घातक ठरतात अशा मोजक्या प्रसंगांपैकी हा एक. तसंच उठून कान-नाक-घसा विभाग असलेल्या हॉस्पिटलात जायचं.

आता यजमान. ठाणे-बेलापूर पट्ट्यात बाहेर घामाच्या धारा आणि आत नाक कोरडंठाक, हे कोडं रोजचं आहे. एसी खोलीतल्या हवेतला दमटपणा काढून घेतो. आठ-नऊ तास तशा हवेत बसलं की पडद्याचा पुढचा भाग वाळतो, पापुद्रा धरतो, मग बोट जातं आणि खपलीखालची बारीक शीर फुटते. घोळणा फुटतो तो बहुतेक वेळा इथेच. त्यांना सलाइन चालेल, पण वेगळी बाटली. एक माणूस, एक बाटली. नाहीतर बाळाची सर्दी बापाला आणि बापाची बाळाला.

मोठ्यांनी थेंबांपेक्षा स्प्रे घेतला तर बरं, तो पसरतो. दिवसातून तीन-चारदा, ऑफिसात गेल्यावर, जेवणानंतर, निघताना. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या. हे ऐकून लोक हसतात, पण त्यामुळे स्प्रेचं टोक आपोआप बाहेर, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं आणि मधल्या पडद्यावर धार बसत नाही. पडदाच तर आधी दुखावलेला असतो. खपली उचकटायची नाही. दोनदा फवारा, पाच मिनिटं थांबा, मग हलकेच शिंकरा, एका वेळी एकच नाकपुडी. रात्री झोपण्याआधी सलाइनचं जेल करंगळीच्या टोकावर घेऊन नाकपुडीच्या तोंडाशी लावलं तर सकाळी फरक जाणवतो. अॅलर्जीसाठी स्टेरॉइडचा स्प्रे चालू असेल तर आधी सलाइन, दहा मिनिटांनी औषध. उलट केलं तर औषध धुऊन निघतं. आणि सर्दीच्या गोळ्या खाऊन नाक आणखी वाळतं; तशा गोळ्या घेता का, हेही त्यांना विचारा. ‘एक गोळी रोज घेतो, सवयच झालीय’ हे उत्तर मी खूपदा ऐकतो.

रक्त आलंच तर मान मागे टाकून झोपवू नका. बसवा, पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरून दहा मिनिटं तोंडाने श्वास. दर मिनिटाला सोडून बघायचं नाही. तेवढ्याने थांबलं नाही, किंवा एकाच बाजूने वारंवार येतंय, तर दुर्बिणीने बघावं लागेल. काहींना बाटलीतल्या बेन्झाल्कोनियम क्लोराइड या टिकवणाऱ्या द्रव्यानेच चुरचुरतं. त्यांनी त्याविना मिळणाऱ्या, एकदा वापरून टाकायच्या छोट्या कुप्या घ्याव्यात.

सासऱ्यांचं गणित सोपं आहे. एक थेंब साधारण 0.05 मिलिलिटर. दिवसभरात वीस थेंब सोडले तरी 0.9 टक्क्याच्या हिशेबाने ते 9 मिलिग्रॅम मीठ, आणि त्यातलंही बरंच बाहेर येतं. दिवसाची मर्यादा 5 ग्रॅम धरतात. जेवताना ते जो पापड मोडतात त्यात याच्या कितीतरी पट मीठ आहे. बीपीवाल्यांनी घाबरायचं ते रक्तवाहिन्या आवळणाऱ्या थेंबांना. बीपी चढवतात ते हे. त्यांना साखरेचाही त्रास असेल आणि नाकातून काळपट स्राव, गाल बधिर, डोळ्याभोवती सूज असं काही दिसलं तर थेंबांचा विचारही नको. 2021 मध्ये आपण सगळ्यांनी काळी बुरशी जवळून बघितली आहे.

राहिलं घरचं मीठ-पाणी. बाळासाठी नाही, ठाम नाही. चिमूटभर इकडेतिकडे झालं की बाळाचं अस्तर भाजल्यासारखं होतं आणि ते सांगूही शकत नाही. मोठ्यांना नाक धुवायला, जलनेतीला, घरचं चालतं, पण पाण्याबाबत मी कडक आहे. नळाचं पाणी थेट नाही, मग ते मोरबे धरणाचं स्वच्छ पाणी का असेना. मध्ये सोसायटीची टाकी आहे, कुठे टँकरही आहे. फिल्टरचं किंवा आरओचं पाणी प्यायला ठीक, पण तेही निर्जंतुक नव्हे. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा पोटात गेला तर काही करत नाही. नाकातून वर गेला तर मेंदूत पोचतो आणि मग फार थोडे वाचतात. अमेरिकेत लुइझियाना राज्यात 2011 मध्ये नळाचं पाणी नेतीच्या भांड्यात वापरणारे दोघं असेच गेले. केरळात अमिबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण 2024 आणि 2025 मध्ये सापडले आहेत. अत्यंत दुर्मीळ आहे, मान्य. पण टाळायला लागतो तो फक्त गॅस.

पाणी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. मी पेशंटला पाच सांगतो, कारण घरातलं एक मिनिट म्हणजे फोन घेऊन परत येईपर्यंत. झाकून कोमट होऊ द्या. अर्धा लिटर पाण्याला खोकल्याच्या औषधाच्या 5 मिलिलिटरच्या झाकणाने पाऊण झाकण बारीक मीठ, सपाट. साधारण साडेचार ग्रॅम. स्वयंपाकघरातला चमचा प्रत्येक घरात वेगळा असतो, म्हणून झाकण. आयोडीनच्या मिठाने अपाय होत नाही, काहींना चुरचुरतं इतकंच. खायच्या सोड्याची चिमूट टाकली तर चुरचूर कमी होते. त्याच दिवशी वापरायचं, उरलेलं ओतून द्यायचं. भांडं रोज धुवून वाळवायचं. कान दुखत असेल किंवा नाक पूर्ण बंद असेल तेव्हा नेती करू नका. जोर लावला की पाणी कानाकडे जातं.

काही जण सलाइनची मोठी बाटली आणून सुई खुपसून आठवडाभर काढत राहतात. स्वस्त पडतं खरं, पण एकदा टोचलेली बाटली निर्जंतुक राहत नाही. फ्रिजमध्ये ठेवा, चोवीस तासांत संपवा, नाहीतर टाका.

तुमचा शेवटचा प्रश्न: थेंबांची उरलेली बाटली पुढच्या थंडीसाठी ठेवू का? नको. छापलेली मुदत न उघडलेल्या बाटलीची असते. झाकण फिरवलं त्या दिवसाची तारीख मार्करने लेबलवर लिहा, महिनाभराने फेकून द्या; टोक नाकाला लागलं असेल किंवा पाणी गढूळ दिसलं तर त्याआधीच. आणि फेकेपर्यंत ती डोळ्यांच्या थेंबांच्या बाटलीशेजारी ठेवू नका. मागच्याच महिन्यात एक आजोबा महिनाभर डोळ्यांचे थेंब नाकात आणि नाकाचे डोळ्यात टाकून आले होते, आणि तक्रार काय, तर दोन्ही औषधं लागू पडत नाहीत.